शिकाऊ वादकांसाठीही खुली असणारी बैठक सोलापुरात हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात संगीताचे कार्यक्रम होत नाहीत, अशी तक्रार करण्यास आता फारशी जागा उरलेली नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात चांगले गायक-वादक येतात आणि रसिकही गर्दी करतात. मात्र अशा प्रत्येक कार्यक्रमात कलाकार व्यासपीठावर आणि बाकीचे सारे खुर्च्यांत, ही विभागणी आधीच ठरलेली असते. लहानपणी चार वर्षे पेटी किंवा बासरी शिकून पुढे नोकरी-संसारात ती बाजूला ठेवलेल्या माणसाला पुन्हा चारचौघांत बसून वाजवता येईल, अशी जागा मला शहरात दिसत नाही. मुलाच्या नोकरीनिमित्त काही काळ आयर्लंडमध्ये राहणे झाले, तेव्हा तेथील पारंपरिक संगीताच्या बैठका जवळून पाहता आल्या आणि ही उणीव अधिकच जाणवली.

या बैठकांना तिथे सेशन म्हणतात. त्या बहुधा पबच्या एका कोपऱ्यात भरतात. व्यासपीठ नसते, बहुतेक ठिकाणी ध्वनिवर्धकही नसतो, आणि वादक श्रोत्यांकडे नव्हे तर एकमेकांकडे तोंड करून गोलाकार बसतात. फिडल, बासरी, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना, बँजो आणि कधी भात्यावर वाजणारे इलिन पाइप अशी वाद्ये एकच चाल एकत्र वाजवतात. समोर कागद नसतो. सारे कानाने शिकलेले असते. रील किंवा जिग यांसारख्या नाचाची चाल साधारणपणे आठ-आठ मात्राखंडांच्या दोन भागांची असते, प्रत्येक भाग दोनदा वाजतो, संपूर्ण चाल बहुधा तीन वेळा फिरते आणि मग न थांबता दुसरी चाल जोडली जाते. नवख्याला आत येण्याची वाट या रचनेतच आहे, असे मला वाटते, कारण पहिल्या फेरीत ऐकलेले तिसऱ्या फेरीपर्यंत थोडेफार हाताशी येते. शिवाय चालींचा साठा सामाईक असतो. शिकागोच्या पोलिस दलाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओनील यांनी स्थलांतरित आयरिश बांधवांकडून ऐकून जमवलेल्या १,८५० चाली १९०३मध्ये प्रसिद्ध केल्या. या सामाईक साठ्यामुळे परक्या देशातला वादकही ओळखदेख नसताना शेजारी बसून साथ करू शकतो.

हे स्वागत म्हणजे मोकाट कारभार नव्हे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. नव्याने आलेल्याने बसण्यापूर्वी विचारायचे, चाल येत नसेल तर वाद्य मांडीवर ठेवून ऐकायचे, आणि बौरॉन नावाचा हातात धरायचा चर्मवाद्याचा प्रकार एका वेळी एकानेच वाजवायचा, असे संकेत सर्वजण पाळतात. कुणी गाऊ लागले की गप्पा थांबतात. त्याचबरोबर नवख्याला ‘तुम्हाला येणारी एखादी चाल सुरू करा’ असे आग्रहाने सांगितले जाते, आणि त्याने ती संथ सुरू केली तर मुरलेले वादकही त्याच लयीत वाजवतात. केवळ शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम संथ लयीच्या बैठकाही भरतात. ज्येष्ठाने आपली लय आवरावी आणि नवख्याने आपला उतावळेपणा आवरावा, या दुहेरी संयमावर ती सारी बैठक उभी असते, आणि मला तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटली.

पब म्हटले की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात, हे मी जाणतो. परंतु हे संगीत मुळात घराघरांतल्या स्वयंपाकघरात आणि नाचाच्या मेळाव्यांत वाढले. १९३५च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्यानंतर घरगुती नाचांवरही दडपण आले. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधकामाच्या मजुरीसाठी लंडनला गेलेले आयरिश लोक भाड्याच्या लहान खोल्यांत राहत असल्याने पबमध्ये जमू लागले, आणि आजच्या सेशनला तिथे आकार आला. १९५१मध्ये स्थापन झालेल्या कोल्तस या संस्थेने शाखा, वर्ग आणि वार्षिक महोत्सव यांद्वारे ही परंपरा सांभाळली. जागेचे मोल तिथल्या लोकांना किती वाटते, हे २०२१मध्ये दिसले: हॉटेलच्या प्रस्तावामुळे डब्लिनच्या कॉबलस्टोन पबमधील बैठका धोक्यात येताच वादक आणि नागरिक रस्त्यावर उतरले, आणि महापालिकेने त्या प्रस्तावाला परवानगी नाकारली.

आपल्याकडे यासाठी लागणारे जवळजवळ सारे काही आहे. पंढरपूर जवळ असल्याने पंचपदी आणि गौळणींचा साठा आपल्याकडेही सामाईक आहे. अनोळखी टाळकरीही उभा राहून धृपद धरू शकतो. गिरण्यांच्या निमित्ताने आलेल्या कामगारांनी तेलुगू आणि कन्नड पदेही या शहरात रुजवली. परंतु भजनी मंडळे अलीकडे स्पर्धांच्या तयारीत अधिक गुंतलेली दिसतात. निवडक गाणारे, ठरलेले वादक आणि मोठे ध्वनिवर्धक यांत बाहेरच्या शिकाऊला शिरकाव मिळत नाही. स्पर्धांना माझा विरोध नाही, मात्र आठवड्यातील एखादी संध्याकाळ तरी स्पर्धेशिवाय असावी.

म्हणून महापालिकेला आणि शहरातील वाचनालयांना माझी विनंती आहे की, दर आठवड्याला एका ठरलेल्या संध्याकाळी दोन तासांसाठी एखादी खोली खुल्या बैठकीस द्यावी. तिथे ध्वनिवर्धक नसावा, प्रवेशशुल्क आणि सत्कार नसावेत, सतरंजीवर गोलाकार बसावे आणि मराठी, कन्नड, तेलुगू अशी कोणत्याही भाषेतील पदे चालावीत. नव्याने येणाऱ्यांना बसवून घेण्याची जबाबदारी दोन-तीन जाणत्या मंडळींनी आळीपाळीने घ्यावी, कारण अनोळखी माणूस पहिल्या दिवशी दारातून परत गेला तर तो पुन्हा येत नाही. ज्या संस्थेकडे अशी जागा असेल, तिने आपल्या दैनिकाद्वारे कळवावे; पेटी, मृदंग आणि टाळांची व्यवस्था आम्ही काही ज्येष्ठ नागरिक स्वखर्चाने करू.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक, जुळे सोलापूर