हाय-रेझच्या स्टिकरनं गाणं गोड होत नाही

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत रेकॉर्ड, सीडी अन् हाय-रेझवर (म्हणजे सीडीपेक्षा बारीक मापानं भरलेला डिजिटल आवाज) लेख आला, विषय काढला ते बरं केलं. पण त्यात लिहिलं आहे की डिजिटलमध्ये आवाजाच्या पायऱ्या पडतात म्हणून सीडी अर्धवट, हाय-रेझच्या पायऱ्या बारीक म्हणून ते जरा बरं, अन् रेकॉर्ड तेवढी पूर्ण. हे काही पटलं नाही बाप्पा. आमचा दारव्हा तालुक्यात वडिलांपासून लाऊडस्पीकरचा धंदा, लग्न, सप्ता, पोळा, रेकॉर्डपासून पेनड्राईव्हपर्यंत सगळं वाजवून झालं, म्हणून लिहितो.

सीडीत सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतात, दर माप १६ बिटच्या आकड्यात. पण प्लेयरमधून बाहेर निघताना पायऱ्या राहतच नाहीत, गुळगुळीत लहर निघते अन् २०,००० हर्ट्झपर्यंतचं सगळं त्यात येते. माणसाचा कान तिथंच संपतो, साठी गाठलेल्याचा तर पुष्कळ आधी. हाय-रेझमध्ये ९६ नाहीतर १९२ किलोहर्ट्झनं, म्हणजे सेकंदाला तेवढे हजार वेळा माप घेऊन, जे वरचं मिळते ते वटवाघळानं ऐकावं. २४ बिटचा फायदा आहे, नाही म्हणत नाही, पण तो स्टुडिओत, रेकॉर्डिंगची लेव्हल खाली ठेवून काम करता येते म्हणून. घरी सीडीची ९६ डेसिबलची रेंजच कूलरच्या आवाजात पुरून उरते.

२००७ साली अमेरिकेत मेयर अन् मोरान यांनी हाय-रेझ डिस्क अन् तोच आवाज सीडीच्या मापात उतरवून, कोणता कोणता ते न सांगता लोकांना ऐकवला. नेहमीच्या आवाजात कोणाला ओळखता आलं नाही. २०१६ मध्ये रीस नावाच्या संशोधकानं असे बरेच प्रयोग एकत्र करून हिशोब काढला तर शंभरात बावन्न वेळा बरोबर, म्हणजे छापा-काट्याच्या जरासं वर, शिकवून तयार केलेल्या कानांचं थोडं जास्त. एवढ्यासाठी मिनिटाला ७० एमबीपर्यंतची फाईल?

आता रेकॉर्ड. मला ती आवडते, पण आवडते म्हणून तिच्यात जास्त आवाज मावते असं नाही. एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते अन् लेबलजवळ त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून रेकॉर्डच्या दर बाजूच्या शेवटच्या गाण्यात "स" अन् "श" फाटतात. खंजिरीच्या झांजा तिथं आल्या की नुसती चरचर. त्यात आमचा कापसाचा भाग, जिनिंग सुरू झाली की बारीक तंतू सुईला गुंडाळतात, दोन गाण्यांत टोकावर करड्या रंगाचा गोळा जमते अन् आवाज घोंगडीतून आल्यासारखा. जनरेटरवर लावली तर मोटरची चाल हलते, गायक बिचारा सुरात अन् रेकॉर्ड बेसूर. मे महिन्यात टिनाखाली आडव्या रचून ठेवल्या तर वाकतात ते वेगळंच.

मग कधी कधी तेच गाणं रेकॉर्डवर खरंच छान काऊन लागते? कारण मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधी आवाजाची शेवटची जुळणी, वेगळं असते. नव्या सीडीवर अन् स्ट्रीमिंगवर जुनी गाणी पुष्कळदा दाबून मोठ्या आवाजात भरलेली असतात, हळू अन् जोराचा फरकच मरून जाते. खाचेत तेवढं कोंबता येत नाही, सुई उडते, म्हणून एलपीवाला जरा हात आवरून काम करते. तीच एलपी नीट सीडीवर उतरवा, गोडवा तिथंही येते, मी गिऱ्हाईकांना करून दिलं आहे. अमेरिकेतल्या मोबाईल फिडेलिटी कंपनीचं २०२२ मध्ये उघड झालं की त्यांच्या महागड्या रेकॉर्डी बनवताना मधात डिजिटल टप्पा होता, २०११ पासून. शुद्ध ॲनालॉग म्हणून वाखाणणाऱ्यांपैकी एवढी वर्षं कोणाच्या कानाला ते लागलं नव्हतं!

आमच्या गावचे पोट्टे शहरातून हाय-रेझचं स्टिकर लावलेला ब्लूटूथ स्पीकर घेऊन येतात. अरे, सीडीलाच सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, ब्लूटूथवर एलडीएसी हा चांगला कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) असला तरी ९९० च्या वर जात नाही, बाकीचे बहुतेक तर त्याहून किती खाली. आवाज बहुतेक वेळा आधी कापूनच येते, मग १९२ चा आकडा कशाचा? ते पैसे चांगल्या स्पीकरवर घाला अन् स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून काढा, फरक लगेच कळते.

ज्यांना पटत नाही त्यांनी एकच हाय-रेझ फाईल घ्यावी, तिची १६ बिट, ४४.१ ची कॉपी करावी, दोन्हीचा आवाज सारखा ठेवावा अन् दुसऱ्याला बदलायला लावून ऐकावं. आवाज सारखा ठेवणं महत्त्वाचं, कारण अर्धा डेसिबल जास्त असलेलं आपल्याला बहुतेकदा "चांगलं" वाटते, काही दुकानदार हेच करतात.

अन् पुढच्या पुरवणीत जागा असली तर एवढं छापा साहेब, जुन्या टर्नटेबलच्या सुया विदर्भात कुठं मिळतात अन् सीडी प्लेयरची लेन्स बदलून देणारा मेकॅनिक कुठं आहे. इकडे घरोघरी सीड्या पडून आहेत अन् वाजवायला मशीन नाही.

आपला,
एक साऊंडवाला वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ