लेखनिकाविना काम करायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

महाविद्यालयाच्या संगणक कक्षात आपल्याकडे शिकलेली मी वाणिज्य शाखेची दृष्टिहीन विद्यार्थिनी, सध्या एका पतसंस्थेच्या लेखा विभागात नोकरी करते. आपले आभार घरी येऊनही मानता आले असते. परंतु दिव्यांग विद्यार्थ्यांना नेमके काय शिकवायला हवे, हे आपल्या कामावरून इतर महाविद्यालयांनाही कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने उच्च शिक्षणात आमच्यासाठी किमान 5 टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के पदे राखून ठेवली. प्रवेश मिळतो, परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, पदवीही हाती येते. पण कार्यालयात शेजारी लेखनिक नसतो. आपल्याकडे येईपर्यंत माझी एकही उत्तरपत्रिका मी स्वतः लिहिलेली नव्हती आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. आपल्याला वाटले.

आपण पहिल्याच तासाला माऊस काढून कपाटात ठेवलात आणि एनव्हीडीए सुरू करून दिलेत. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी ही प्रणाली मोफत असल्यामुळे घरच्या जुन्या लॅपटॉपवरही सराव करता आला. आपण स्वतः मॉनिटर बंद करून, हेडफोन लावून आमच्यासोबत बसत होता आणि एखादी कृती आपल्याला न पाहता जमेपर्यंत ती आमच्याकडून अपेक्षित नव्हती. डोळस शिक्षकाने एवढे कष्ट घ्यावेत, हा अनुभव मला त्याआधी आला नव्हता.

शुद्धलेखनात आपण तसूभरही सूट दिली नाहीत, याचे मोल आज कळते. केवळ ऐकून शिकणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता लागत नाही. 'निधी' आणि 'नीधी' कानाला जवळजवळ सारखेच. उजव्या बाणाची कळ दाबत एकेक अक्षर, एकेक वेलांटी तपासायला आपण लावलेत, आणि इन्सर्ट व एफ या कळा एकत्र दाबून अक्षरांचा आकार ऐकून घेतल्याशिवाय एकही अर्ज छपाईला जाऊ दिला नाहीत. "तुमच्या मानाने छान आहे" हे वाक्य आम्ही जन्मभर ऐकत आलो. आपल्या तोंडून ते कधीच आले नाही, आणि मला सर्वाधिक कृतज्ञता त्याचीच वाटते.

एक्सेलमध्ये स्तंभांची शीर्षके आधी नेमून द्यावीत, म्हणजे शेकडो ओळी खाली उतरल्यावरही आकडा 'नावे'चा की 'जमा'चा हे कानावर पडते, ही आपली शिकवण मी रोज वापरते. जुन्या फॉन्टमधील परिपत्रके या प्रणालीला वाचता येत नाहीत, म्हणून आपण ती रात्री बसून युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित करून देत होता. वास्तविक ते काम कार्यालयाचे होते.

आमच्या व्यवस्थापकांनी दिवाळीच्या सुट्टीत आपल्या दोन विद्यार्थ्यांना कामाच्या अनुभवासाठी घेण्यास संमती दिली आहे. त्यांच्या संगणकांवर एनव्हीडीए बसवण्याची जबाबदारी माझी. कृपया नावे कळवावीत.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी