‘शांत आहे, सहकार्य करते’ ही नोंद पुरेशी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानसिक आजारांवरील उपचारांविषयी आपल्या दैनिकात जे लिहून येते, ते बहुतेक वेळा खाटा किती, डॉक्टर किती आणि औषधे मिळतात की नाही याभोवती फिरते. प्रश्न खरे आहेत. पण मनोविकार विभागात परिचारिका म्हणून आयुष्याची उमेदीची सगळी वर्षे काढल्यावर मला त्यात एक गोष्ट कायम राहून गेलेली दिसते. वॉर्डात दाखल झालेल्या माणसाशी आपण दिवसरात्र जे वागतो, त्या वागण्यानेच त्याचा आजार वाढू शकतो. निदान बरोबर असते, औषध बरोबर असते आणि तरीही माणूस आला होता त्याहून जास्त धास्तावून घरी जातो.

दाखल होताना काय होते ते पाहा. कपडे बदलायला लावतात, पिशवीची झडती होते, मोबाइल आणि पट्टा काढून घेतात. मागे दाराला कुलूप लागते. रात्री राउंडला आलेल्या माणसाच्या हातातल्या टॉर्चचा झोत तोंडावर पडतो. औषध नको म्हटले, तर चार-पाच जण येऊन हातपाय धरतात आणि कपडे खाली ओढून इंजेक्शन देतात. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे कारण असते आणि ते पुष्कळदा रास्तही असते. पण जिच्यावर लहानपणी रात्री दार लावून घेऊन कुणी अत्याचार केला, तिच्या शरीराला ही कारणे कळत नाहीत. अंधार, कुलूप, आपल्याहून बलवान माणसांचे हात आणि न ऐकला गेलेला नकार, एवढेच तिला ओळखू येते.

अशी माणसे विरळा असतील असे वाटत असेल, तर तसे नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करत होते. ज्यांचे वजन चांगले उतरत होते, नेमके तेच लोक उपचार सोडून का जातात, हे त्यांना उमगेना. खोलात विचारपूस केल्यावर त्यांतल्या अनेकांच्या बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे पुढे आले. त्यातून डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत एक मोठी पाहणी उभी राहिली आणि १९९८ साली तिचे पहिले निष्कर्ष छापून आले. मारहाण, अत्याचार, घरातील व्यसन, आईला होणारी मारझोड अशा प्रकारांपैकी किमान एक तरी बालपणी अनुभवल्याचे निम्म्याहून अधिक जणांनी सांगितले होते. चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात दारूचे व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पटींनी जास्त आढळला. लक्षात घ्या, ही मनोरुग्णालयातली माणसे नव्हती; आरोग्य तपासणीसाठी आलेली साधी माणसे होती. मनोविकार वॉर्डात हे प्रमाण किती वाढत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता शीर्षकातल्या नोंदीविषयी. धोका जाणवला की शरीर लढते किंवा पळते, हे सगळ्यांना ठाऊक असते. तिसरी प्रतिक्रिया कमी लोकांना माहीत असते. लढणे आणि पळणे, दोन्ही वाटा बंद झाल्या की शरीर गोठते. आवाज फुटत नाही, नजर एका जागी खिळते, मन जणू अंगातून बाहेर निघून जाते. लहानपणी ज्यांची सुटका होणे शक्यच नव्हते, त्यांना ही सवय फार लवकर जडते. अशी बाई वॉर्डात इंजेक्शनच्या वेळी निमूट पडून राहते आणि केसपेपरवर लिहिले जाते, ‘शांत आहे, सहकार्य करते’. शेजारच्या खाटेवरची हात झटकते, ओरडते, ओरबाडते. तिच्या नावापुढे ‘आक्रमक’ असे येते. दोघींच्या मनात एकच भीती असू शकते. पहिलीची तर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती कुणाला त्रास देत नाही. मला आजही सर्वांत जास्त काळजी वाटते ती अशा ‘त्रास न देणाऱ्यां’ची.

मग करायचे काय? आघाताची, म्हणजे मनावर खोल जखम करून गेलेल्या प्रसंगाची, जाण ठेवून केलेली सेवा म्हणजे एखादी नवी थेरपी नव्हे आणि तिच्यासाठी वेगळा तज्ज्ञ नेमायलाच हवा असेही नाही. रक्ताशी संबंध येतो तेव्हा आम्ही परिचारिका प्रत्येक रुग्णासाठी हातमोजे घालतो, त्याला संसर्ग आहे की नाही याची वाट पाहत नाही. हेही तसेच आहे. कुणी आपला भूतकाळ सांगितला तरच त्याला जपायचे, असे नाही. समोरचा कुणीही असो, त्याने काही भोगलेले असू शकते असे धरूनच वागायचे. हात लावण्याआधी सांगायचे आणि विचारायचे. उठवायचे असेल तर आधी नावाने हाक मारायची. इंजेक्शन अटळ असेल तर दंडात की कमरेत, बसून की झोपून, कुणी द्यावे, यातले जे जे त्या औषधात शक्य असेल ते त्याला निवडू द्यायचे. बाईला बाईच जवळ हवी असेल तर तशी सोय करायची. दाखल करतानाच एक साधा प्रश्न: तुम्ही फार बेचैन झालात तर तुम्हाला कशाने बरे वाटते आणि आम्ही काय केले तर बिघडते? उत्तर पहिल्या पानावर ठळक लिहायचे, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरलाही ते दिसेल. कुणी सांगतो, मला पाठीमागून हात लावू नका. कुणी सांगतो, दिवा पूर्ण विझवू नका. एवढ्याने अनेक रात्री धडपणे जातात.

एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची आहे. आघाताची जाण ठेवा म्हटले की काही उत्साही मंडळी रुग्णाकडून सगळी हकिगत वदवून घ्यायला बसतात. आज विद्यार्थी डॉक्टर, उद्या समुपदेशक, परवा राउंडवरचे मोठे डॉक्टर. प्रत्येकापुढे तेच सांगायचे. हे करू नये. एखाद्या दुर्घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत तो प्रसंग उकरून काढण्याची पद्धत एके काळी जगभर रूढ होती. पुढे अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा तिने आघातोत्तर ताण (प्रसंग सरल्यावरही मागे लागणारा, ‘पीटीएसडी’ म्हणतात तो आजार) टळत नाही आणि काहींचे नुकसानही होऊ शकते, असे दिसून आले. काय भोगले हे कळले नाही तरी सुरक्षित वागता येते. सांगायचे की नाही, कधी आणि कुणाला, हे रुग्णाने ठरवावे.

ही गोष्ट मनोविकार वॉर्डापुरती आहे असेही कुणी समजू नये. प्रसूतीच्या टेबलावर न विचारता केलेली तपासणी, पडदा न ओढता घातलेली लघवीची नळी, दहा विद्यार्थ्यांसमोर उघडे केलेले अंग, यांच्या आठवणी बायका आणि पुरुषही वर्षानुवर्षे वागवतात. अतिदक्षता विभागातून वाचून आलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकामध्ये पुढच्या वर्षभरात आघातोत्तर ताणाची लक्षणे आढळतात. भ्रमाच्या अवस्थेत, हात बांधलेले, घशात नळी. अशा माणसाला आपल्याला कुणी छळत आहे असे वाटले तर नवल काय? स्कँडिनेव्हियन देशांतल्या परिचारिकांनी यावर एक सुंदर उपाय काढला. बेशुद्ध रुग्णासाठी त्या रोज दोन ओळींची डायरी लिहू लागल्या: आज काय झाले, कोण भेटून गेले. बरा झालेला माणूस ती वाचून आपल्या स्मृतीतली भोके बुजवतो.

माझे सहकारी यावर म्हणतील, आणि त्यांनी म्हणावेच, की एका पाळीत दोन सिस्टर आणि अंगावर धावून येणारा रुग्ण असताना हे सगळे कसे जमायचे? परिचारिकेला मार बसतो, चावा बसतो, हे मी जवळून पाहिले आहे. ज्या कर्मचाऱ्याच्या भीतीची कुणी दखल घेत नाही, त्याच्याकडून दुसऱ्याच्या भीतीची कदर होणे अवघड. मनुष्यबळ वाढलेच पाहिजे, यात वाद नाही. पण कोंडणे-बांधणे कमी करता येते, हे दाखवणारा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सरकारी मनोरुग्णालयांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. १९९० मध्ये तिथे दर १००० रुग्णदिवसांमागे (एका रुग्णाचा वॉर्डातला एक दिवस म्हणजे एक रुग्णदिवस) रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवण्याच्या ४.२ घटना होत होत्या. २००० पर्यंत त्या ०.३ वर आल्या. कोंडण्याचा सरासरी वेळ १०.८ तासांवरून १.३ तासांवर आला. बांधून ठेवण्याचे प्रमाणही घटले.

इंग्लंडमध्ये लेन बाउअर्स यांच्या गटाने १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांत ‘सेफवॉर्ड्स’ नावाची पद्धत तपासली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. ती वापरलेल्या वॉर्डांत इतर वॉर्डांच्या तुलनेत संघर्षाचे प्रसंग १५ टक्क्यांनी आणि बळजबरीचे उपाय २६.४ टक्क्यांनी कमी झाले. त्यात काय होते? पाळी बदलताना, हँडओव्हरच्या वेळी, प्रत्येक रुग्णाविषयी एक तरी चांगली गोष्ट सांगायची. वाईट बातमी कळणार असेल तर आधीच जवळ थांबायचे. कर्मचारी आणि रुग्ण यांनी एकमेकांना थोडी आपली ओळख करून द्यायची. वॉर्डात काही भडका उडाला की बाकीच्या रुग्णांना धीर द्यायचा. त्यांनीही ते पाहिलेले असते आणि त्यांच्याकडे कुणाचेच लक्ष नसते. असे दहा उपाय. एकालाही महागडे यंत्र लागत नाही.

पण अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण आणि भिंतीवरचा फलक याने हे होत नाही, हेही मला सांगितले पाहिजे. वरिष्ठांनी प्रत्येक बांधून ठेवण्याचा हिशेब मागितला, तरच खालच्या पाळीत फरक पडतो. २०१० साली लंडनमधील एका मनोरुग्णालयात ओलासेनी लुईस या २३ वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी बराच वेळ दाबून धरले आणि त्यानंतर त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये कायदा झाला. त्यानुसार मनोरुग्णालयांना बळाच्या वापराची नोंद ठेवावी लागते आणि आकडेवारी प्रसिद्ध होते. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात आघाताचा रुग्णावर होणारा परिणाम हा विषयही त्याच कायद्याने सक्तीचा केला.

म्हणून आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. यापुढे कुठल्याही मनोरुग्णालयावर बातमी करताना खाटांच्या संख्येबरोबर हेही विचारा: गेल्या महिन्यात किती जणांना बांधले, किती वेळ बांधले, नंतर त्यांच्याशी त्याविषयी कोण बोलले आणि हे कुठे लिहून ठेवले आहे? आकडा मिळाला तर छापा. नोंदच ठेवलेली नसेल, तर तेही छापा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मनोविकार परिचारिका