केशराची डबी आणि चौदा मनोरे

सान जिमिन्यानो, टस्कनी, इटली
१५ मार्च

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

व्हॅनच्या टेबलाशी बसून लिहितेय. गॅसवर शिरा आहे आणि त्यात आज इथेच घेतलेलं केशर पडलंय. सगळ्या गाडीभर तुमच्या वाड्यातल्या पाडव्याच्या सकाळचा वास सुटलाय, मग पत्र आणखी कोणाला लिहिणार?

काल मुक्काम पोजिबोन्सीजवळ होता. सकाळी वळणावळणाचा चढ लागला. दोन्हीकडे द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडं, आणि एका वळणावर एकदम समोर डोंगरमाथ्यावर मनोरेच मनोरे! ह्यांनी गाडी कडेला घेतली. बराच वेळ आम्ही दोघं काही न बोलता बघत बसलो. आपली गाडी तटाच्या आत न्यायची सोय नाही, म्हणून ती खाली लावली आणि सान जोव्हान्नीच्या वेशीतून पायी आत शिरलो.

मला आधी ते किल्ल्याचे बुरूज वाटले होते. पण हे मनोरे इथल्या श्रीमंत घराण्यांचे. रोमला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंचा मार्ग, व्हिया फ्रान्चिजेना, याच गावातून जायचा. त्या वर्दळीवर आणि केशराच्या व्यापारावर घराणी गबर झाली आणि ईर्ष्येने एकापेक्षा एक उंच मनोरे चढवत गेली. एकेकाळी ७२ होते म्हणतात, आता १४ आहेत. मग १३४८ साली प्लेग आला आणि गावाची रया गेली. १३५३ मध्ये ते फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेलं, यात्रेकरूंची वाटही दुसरीकडे वळली. जुनं पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसाच उरला नाही, म्हणून जे उभं होतं ते तसंच राहिलं. हे कळल्यावर माझ्या पोटात कालवलं गं. आपण ज्याचे फोटो काढतोय ते एवढ्या मोठ्या दुःखाने राखलंय!

चर्चमध्ये सान्ता फीनाची चित्रं आहेत, गिरलांदायोने भिंतीवर रंगवलेली. ही पोर पाच वर्षं लाकडी फळीवर आजारी पडून होती आणि १२५३ मध्ये, पंधराव्या वर्षी गेली. त्या दिवशी मनोऱ्यांवर फुलं उमलली अशी इथली श्रद्धा आहे. बाहेर येऊन वर पाहिलं, तर दगडांच्या फटींतून खरोखरच पिवळी फुलं डोलत होती. १२ मार्च हा तिचा दिवस, तीनच दिवसांपूर्वी झाला.

पण तुला मुद्दाम सांगायचंय ते विहिरीचं. गावाच्या मधोमध विटांच्या फरसबंदीचा तिरपा चौक आहे, त्यात एक अष्टकोनी दगडी विहीर. तिच्या काठावर दोरांनी खाचा पडल्यात. मी एका खाचेत बोट ठेवलं, ते अलगद बसलं. आतून दगड असा गुळगुळीत, जणू लोणी लावलंय. आणि एकदम तुमच्या आडाचा काठ आठवला. नळ यायच्या आधी तू रोज शाळेत यायच्या अगोदर पाणी शेंदायचीस, तळहातांवर फोड असायचे, आणि बाईंनी विचारलं की हात पाठीमागे लपवायचीस. मी शेजारीच बसायचे, तरी एकदाही म्हटलं नाही की चल, आज मी ओढते. आज त्या खाचेपाशी उभी राहून फार वाईट वाटलं.

पुढे तोर्रे ग्रोस्सा या सगळ्यांत उंच मनोऱ्यावर चढलो, ५४ मीटर. वर वारा असा की ओढणी धरवेना. तोरण्यावर तू माझा हात धरून मला वर नेलं होतंस, तसं आज ह्यांनी नेलं. तुझा गुडघा बरा झाला की आपण दोघी कुठेतरी चढू, उंच नसलं तरी चालेल.

शिरा झाला. ह्यांची दुसरी वाटी चाललीय. डबी एका ग्रॅमचीच आहे, त्यातलं निम्मं केशर तुझ्या श्रीखंडासाठी कागदात बांधून ठेवलंय. काकूंना नमस्कार सांग. आणि वाड्यात गेलीस की आडाच्या काठाचा जवळून एक फोटो काढून पाठव.

तुझी,
वसू