हिरो सोळा वर्षांचा असला म्हणजे झालं का?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतली सिनेमा आणि वेब सिरीजची परीक्षणं मी आवर्जून वाचतो, पण हल्ली जिकडे तिकडे 'कमिंग ऑफ एज', म्हणजे लहानाचं मोठं होण्याची गोष्ट, असं लिहिलेलं दिसतं. हिरो शाळा-कॉलेजातला, एक क्रश, एक ब्रेकअप, शेवटी मित्रांसोबत बाईक ट्रिप, की मारला शिक्का. अहो, ही तर नुसती टीनएजर लोकांची गोष्ट झाली.

वयाचा आकडा काय, कायदा ठरवतो आणि कायदाच बदलतो. ब्रिटनमध्ये सज्ञान व्हायला आधी २१ वर्षं लागायची, १९७० पासून १८ झालं. जपानने तर एप्रिल २०२२ मध्ये २० वरून १८ वर आणलं. तिकडे जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी खास यासाठी सुट्टी असते, मुली किमोनो घालून नगरपालिकेच्या कार्यक्रमाला जातात, आणि गंमत म्हणजे कायद्याने १८ केलं तरी बऱ्याच गावांनी समारंभ वीस वर्षांच्या मुलांसाठीच ठेवलाय, कारण अठराव्या वर्षी जानेवारीत पोरं प्रवेश परीक्षेत मान घालून बसलेली असतात. म्हणजे कागदावरचं मोठं होणं वेगळं आणि खरं वेगळं हे त्यांनाही कळतंच की.

गोष्टीत मला ते खरंवालं हवं असतं. समजा घरी वसुलीवाल्याचा फोन येतो, वडील खुणेने सांगतात 'नाहीयेत म्हण', पोरगी तसं बोलते. पुढच्या वेळी फोन वाजतो तेव्हा ती म्हणते, आहेत, देते, आणि फोन वडिलांच्या हातात ठेवते. यात वाढदिवस नाही की लव्ह स्टोरी नाही, पण आईबाप पण चुकतात हे तिला कळलं आणि त्यावर तिने स्वतःच्या डोक्याने काहीतरी केलं, आता तिला परत आधीसारखं लहान होता येणार नाही. याला म्हणा ना कमिंग ऑफ एज!

उलट्या बाजूनेही हे लेबल ताणतात, पन्नाशीतल्या बाईने घटस्फोट घेतला तरी तेच. सिनेमा चांगला असेल हो, पण तिने जग आधीच बघितलेलं असतं, ती त्यातून सुटत असते. पोरांचं तसं नाही, त्यांना सगळं पहिल्यांदाच कळत असतं, म्हणून ते जास्त लागतं. तेव्हा परीक्षण लिहिणाऱ्यांनी हिरोचं वय सांगण्यापेक्षा त्याला नेमकं काय कळलं ते दोन ओळीत लिहावं, आणि तसं काही सापडलं नाही तर सरळ 'कॉलेज रोमान्स' लिहून मोकळं व्हावं.

आपला,
एक नियमित वाचक