डॅव्हनपोर्टला घर घेण्याआधी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टला घरं स्वस्त आहेत, पण किमतीआधी घर नदीपासून किती उंचावर आहे ते बघ. या शहराने मिसिसिपीच्या काठावर कायमची पूरभिंत बांधलेली नाही. ३० एप्रिल २०१९ ला वाळू भरलेला तात्पुरता बांध फुटून डाउनटाउनमध्ये पाणी शिरलं, आणि दोनच दिवसांनी नदी २२.७ फुटांवर गेली. तिथे वरच्या राज्यांतला बर्फ वितळला की वसंतात, लख्ख उन्हातही पाणी चढतं. सांगलीकर आयर्विन पुलाची पातळी बघतात, तशी तू तिथल्या लॉक अँड डॅम १५ या बंधाऱ्यापाशी मोजलेली बघत जा. १५ फुटांना पूर सुरू होतो.

होमओनर्स पॉलिसीत, म्हणजे नेहमीच्या घरविम्यात, पूर धरलेला नसतो. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि एरवी तो ३० दिवसांनी लागू होतो, म्हणून पाणी चढू लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. (गृहकर्जासाठी व्यवहाराच्या वेळीच घेतलास तर थांबावं लागत नाही.) त्यातही तळघरातली घर गरम करणारी भट्टी, वॉटर हीटर धरतात, तिथलं फर्निचर, गालिचे मात्र नाहीत. गटाराचं पाणी उलटं येण्याचं संरक्षण होमओनर्समध्येच जास्तीचे पैसे भरून जोडून घे.

खरी परीक्षा तळघराची. भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर ओल आत झिरपते आहे असं समज. फक्त खालच्या दोन फुटांनाच ताजा रंग असेल तर मला संशयच येईल. संप पंपाच्या, म्हणजे तळघरात साचणारं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या, खड्ड्यात बादलीभर पाणी ओत. पाण्यावर तरंगणारा फ्लोट उचलला जाऊन पंप आपोआप चालू झाला पाहिजे. त्याला बॅटरी हवीच, कारण ज्या वादळात पंप लागतो त्यातच वीज जाते. पन्हळीचं पाणी पायापासून निदान सहा फूट लांब पडायला हवं.

रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूची, चाचणी सोडू नकोस, सगळं आयोवा सर्वांत जास्त धोक्याच्या पहिल्या गटात आहे. बारा तास आधीपासून दारं-खिडक्या बंद ठेवून ४८ तास मोजतात. आकडा लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा त्याच्या वर गेला तर फरशीखालून छपरापर्यंत पाइप आणि पंखा बसवावा लागतो. तो खर्च विकणाऱ्याकडून मागून घे.

नोकरी नदीपलीकडे इलिनॉय राज्यातल्या मोलीनला असली तरी राहा आयोवातच. दोन राज्यांच्या करारामुळे पगारावर फक्त आयोवाचा कर लागतो. त्यासाठी कंपनीत आयएल-डब्ल्यू-५-एनआर हा, इलिनॉयचा रहिवासी नसल्याचा, फॉर्म भरून दे.

घर तपासणाऱ्या तपासनिसाचा अहवाल आला की तळघराची पानं आधी मला पाठव.

तुझे बाबा