सिलेंडर आणलास म्हणे

दादर, मुंबई

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

खोलीवर सिलेंडर आणलास, हे बाबांकडून कळलं. मला का नाही सांगितलंस, तेही कळलं! आपल्याकडे पाइपचा गॅस, टाकीशी तुझा कधी संबंधच आला नाही. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर चढतो. टाकीतला जड, तो जमिनीलगत साचून राहतो. म्हणून टाकी ओट्याखालच्या बंद कपाटात कोंबू नकोस. उभीच ठेव आणि शेगडी तिच्यापेक्षा उंचावर.

टाकी घेताना सील बघ, काट्यावर वजन करून घे. टाकीवर लिहिलेलं रिकामं वजन अधिक 14.2 किलो भरायला हवं. वरच्या पट्टीवर आतून अक्षर आणि वर्ष असतं, ती टाकीच्या तपासणीची मुदत. ‘ए’ म्हणजे मार्चअखेर, ‘बी’ जून, ‘सी’ सप्टेंबर, ‘डी’ डिसेंबर. मुदत उलटली असेल तर सरळ परत पाठव, भीड नको. माणूस जायच्या आत टाकीच्या तोंडातली रबरी रिंग बघून घे. ती चिरली असली की तिथूनच गळतं. जोडावर साबणाचा फेस लाव, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून बघायची नाही. नळी आयएसआय शिक्क्याचीच हवी आणि 5 वर्षांनी बदलायची. घरमालकाची जुनी नळी फुकट मिळाली म्हणून लावू नकोस.

वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, बंद करायलासुद्धा. ठिणगी दोन्ही वेळा पडते. बाहेर जाऊन 1906ला फोन कर. आणि रात्री नुसती शेगडीची कळ फिरवून झोपू नकोस, रेग्युलेटरही बंद कर.

इकडे ताईला पाचवा लागलाय, डोहाळजेवण गणपतीच्या सुमाराला येईल. आजीचे गुडघे पावसाळ्यात दुखतात तसे दुखतायत. बाबांची उपाशीपोटी साखर 140 आली, तरी संध्याकाळी फिरून येताना शर्टाला वड्याचा वास असतोच.

गणपतीचं तिकीट विसरू नकोस. आरक्षण आता 60 दिवस आधी, सकाळी 8ला उघडतं. साडेआठला बसलास तर वेटिंग. ‘उद्यान’ एक्सप्रेस मिळाली तर दादरलाच उतर.

तुझी,
आई

ता. क. पाव किलो मेतकूट पाठवलंय. डबा शेगडीजवळ ठेवू नकोस, वाफेने गुठळ्या होतात.